सुईवाले सर

कॉलेजात रुजू झालो त्या दिवशी प्राचार्यांनी चहा पाजला, आमच्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी टाइमटेबल हातात ठेवलं आणि जीवशास्त्राच्या सरांनी बोटात सुई टोचली. तिघांनी आपापल्या परीनं स्वागतच केलं म्हणायचं.

सर म्हणाले, "हात द्या." मला वाटलं, हात मिळवायचा असेल. मी दिला. त्यांनी माझं बोट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, शर्टाच्या खिशातल्या चपट्या डबीतून सुई काढली आणि मी "अहो" म्हणेपर्यंत थेंब काचेवर घेऊनही टाकला. त्यावर कसलंसं पाणी सोडलं, पातळ काच ठेवली, कडेनं व्हॅसलिन फासलं आणि "तासाभरानं या" म्हणून पाठ फिरवली. तासाभरानं मी खरंच गेलो. नवीन माणूस, काय बोलणार? सूक्ष्मदर्शकातून डोकं न काढता म्हणाले, "तुम्ही साफ आहात. कुणाशीही लग्न करा." माझं लग्न झालेलं आहे, असं मी सांगितलं. "मग तर प्रश्नच मिटला," म्हणाले. माझं नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. पुढं इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी त्यांचा "रसायनवाले" होतो.

लातुरात त्यांना सुईवाले सर म्हणायचे. ती डबी कायम खिशात. लग्नाच्या मांडवात गेले की नवरदेवाच्या काकाला बाजूला घ्यायचे आणि हळूच विचारायचे, "दोघांचं रक्त बघितलं का?" काका बिचारा अत्तर लावून उभा. त्याला वाटायचं, हा माणूस नवरीवर काहीतरी आळ घेतोय. दोनदा तर मीच मध्ये पडून सरांना पंगतीला ओढून नेलं. स्टाफरूममध्ये थट्टा चालायची की आता पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये"च्या खाली "सुई आणू नये" असंही छापलं पाहिजे. सर ऐकायचे आणि हसायचे नाहीत. रागवायचेही नाहीत. त्यांच्या तोंडाकडं बघून थट्टेतली मजाच जायची, खोटं कशाला बोलू.

शिकवायचे मात्र असं की, माझा तास नसला तर मी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. लातूर जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. मिरवणूक निघाली, पेढे वाटले, नवीन पाट्या रंगवल्या, आणि भाड्याच्या इमारतीत कचेऱ्या सुरू झाल्या. जो तो आपला सातबारा नाहीतर फेरफार शोधत कचेरीच्या दारात उभा. सरांना आयता दृष्टांत मिळाला. फळ्यावर एक मोठा चौकोन काढून म्हणाले, "ही कचेरी. म्हणजे आपली पेशी. आत ही रेकॉर्ड रूम. इथं मूळ दप्तर, तेच डीएनए. मूळ दप्तर कधी बाहेर येत नाही. तुम्ही अर्ज करता तेव्हा बाहेर काय येतं?" सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "नक्कल." शेतकऱ्यांची पोरं, नक्कल कुणाला माहीत नाही? "बरोबर. ती आरएनए. नक्कल घेऊन माणूस बाहेर येतो आणि तिच्यावर पुढचं काम होतं. प्रथिन तयार होतं. आता सांगा, तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि पायाच्या अंगठ्यातल्या पेशीत दप्तर वेगळं असतं का?" पोरं एकमेकांकडं बघू लागली. "तेच असतं. पानापानाला तेच. फरक इतकाच की इथं एक कपाट उघडं, तिथं दुसरं. कोणतं उघडायचं आणि कोणतं बंद ठेवायचं, सगळा खेळ त्याचा."

एका पोरीनं पेपरात लिहिलं होतं की, निसर्ग हा थोर कलाकार आहे. सरांनी समासात लिहिलं, "मग सुट्टीवर कधी असतो?" तिला गुण दिले, पण तो शेरा काही खोडला नाही. "पेशीला अक्कल नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "अक्कल नसते, दया नसते, खुन्नसही नसते. जशी नक्कल आली तसा माल." हे ते इतक्या शांतपणे म्हणायचे की पोरं वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेला येईल असं वाटायचं त्यांना.

त्यांच्या त्या थेंबावर जे पाणी सोडायचे, ते माझ्याकडून जायचं. सोडियम मेटाबायसल्फाइट, थेंबातला प्राणवायू ओढून घेणारं. ते ताजंच लागतं, शिळं झालं की उतरतं. म्हणून दर दोन-चार दिवसांनी सर रसायनाच्या भांडारात येऊन उभे. "रसायनवाले, काय करायलात? चिमूटभर द्या." काडी ओढल्यावर नाकात जातो तसला त्याचा वास. आमच्या भांडारात तो वास आला की मी न बघताच म्हणायचो, "या सर."

मग पाऊस दोन वर्षं ओळीनं चुकला. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. नळाला पाणी येईना म्हणून कॉलेजनं प्रात्यक्षिकं बंद केली. बेसिनं कोरडी, पोरं घरी. अशा एका दुपारी सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकासमोरच्या स्टुलावर बसवलं. "बघा."

मी पाहिलं. गोल गोल तांबड्या पेशी, पुस्तकात असतात तशा. हळूहळू त्यांतल्या काही लांबट झाल्या, टोकदार झाल्या, वाकल्या.

"विळे दिसले?"

"दिसले. कुणाचं रक्त आहे?"

"माझं," म्हणाले. "आणि शेजारच्या काचेवर आमच्या घरच्यांचं. तिथंही तेच दिसेल. बघू नका, डोळे दुखतील."

मग त्या रिकाम्या प्रयोगशाळेत त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांना एक मुलगी होती, तिला मी रोज बघत होतो. तिच्या पाठचा एक मुलगा होता, हे मला तेव्हा कळलं. तो बहात्तरच्या दुष्काळात गेला. शाळेतसुद्धा घातला नव्हता अजून. हाडं दुखतात म्हणून रडायचा. डॉक्टर रक्तवाढीच्या बाटल्या देत राहिले, आजी निरगुडीचा शेक देत राहिली. त्या उन्हाळ्यात ताप आला, उलट्या लागल्या, पाणी पोटात ठरेना. विहिरीत तरी कुठं होतं? शरीरातलं पाणी आटलं की या पेशी आणखी वाकतात, एकमेकींत अडकतात, आणि रक्त पुढं सरकत नाही. हे सगळं सरांना नंतर कळलं. "लोक म्हणाले, दुष्काळानं गेला. मीपण तेच म्हणायचो. मग नागपूरला उन्हाळी वर्गाला गेलो. तिथं हा प्रयोग करायला रक्त कुणाचं घ्यायचं म्हणून विचारलं. मी हौसेनं बोट पुढं केलं."

एवढं बोलून त्यांनी ती काच उचलून बाजूला ठेवली.

"सिकलसेल म्हणतात याला. एकेक विळा दोघांकडं होता, रसायनवाले. एकट्याकडं असला तर माणसाला काही होत नाही. मला काय झालंय? पण आईकडूनही तोच आला आणि बापाकडूनही तोच आला, की संपलं. चारात एक." आणि मग एकदम माझ्यावरच घसरले. "तुमचं ते व्हॅलिन. सगळ्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येऊन बसतं. बाकी सगळं ठाकठीक. त्याला पाण्याचा एवढा तिटकारा का हो? पाण्यापासून तोंड लपवायला शेजारच्याला जाऊन चिकटतं. काय घोडं मारलंय पाण्यानं त्याचं?" जणू मीच ते भांडारात बनवून बाटलीत भरलं होतं. मी म्हणालो, "सर, त्याची बाजूची साखळी तेलकट आहे, पाण्यात मिसळत नाही." ते म्हणाले, "माहीत आहे." आणि डोळे पुसले. आजही ते व्हॅलिन शिकवायचा प्रसंग आला तर मी तास टाळेन.

वहिनी सरांच्या मामाची मुलगी. म्हणजे लग्नाआधीपासून एकाच रक्तातली. मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "तुम्ही तोंड वाकडं करू नका. तुमच्यात तर मामाच भाचीशी लग्न करतो." खरंच होतं. माझ्या सख्ख्या आत्याचं तसंच झालेलं.

आता खरा फास कुठं बसला होता ते सांगतो. आपल्याकडं लग्न लागून नवरा-नवरी घरी आली की नवऱ्याची बहीण दार अडवते. "तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का? शब्द दे, तरच आत सोडते." नवरा हसतो, हो म्हणतो, बहीण बाजूला होते. सरांच्या लग्नात त्यांच्या बहिणीनं असंच दार अडवलं. तिच्या कडेवर तेव्हा रांगता मुलगा होता. सर हो म्हणाले. "आमच्या लोकांनी घरातले देव काढले," ते मला म्हणायचे, "गंडे-दोरे तोडले, मीठ-मोहऱ्यासुद्धा आमच्या बापानं बंद करायला लावल्या. घरात एक बुद्धाची मूर्ती राहिली. पण हे दार अडवणं तेवढं राहून गेलं. हसण्यावारी नेलं ना, म्हणून राहिलं."

मुलगी लग्नाची झाली. बी.एससी. झालेली, बापाच्याच वर्गात शिकलेली, उंच, सावळी, बोलायला मोजकी. तिच्या रक्तात बापासारखाच एकेरी विळा होता. सरांचं म्हणणं सरळ होतं. ज्याच्या रक्तात विळा नाही अशा कुठल्याही मुलाला दिली की झालं. एकही मूल आजारी निपजणार नाही. एवढंच बघायचं. त्यासाठी त्यांनी लांबची स्थळं आणली. नोकरीतली मुलं, चांगली माणसं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, मुलगी पसंत पडायची. आणि मग सर डबी काढायचे.

"मुलीच्या रक्तात एक दोष आहे. तुमच्या मुलाच्या रक्तात तो नसला तर काही धोका नाही. एक थेंब द्या, आत्ता बघतो."

पाहुण्यांना त्यातलं "दोष" तेवढं ऐकू यायचं. पुढचं सगळं फिजूल. पायताणं घालून माणसं रस्त्याला लागायची. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो सर, थोडं मागं-पुढं बघून बोलावं. लग्न ठरल्यावर हळूच तपासा की." तर माझ्याकडं असं पाहिलं की मीच ओशाळलो. वहिनी मात्र ओशाळणाऱ्या नव्हत्या. माझ्यादेखत म्हणाल्या, "तुमच्या खरं बोलण्यानं पोरगी घरात बसली. गावात काय म्हणायलेत माहीत आहे का? म्हणायलेत, सराच्या पोरीला रोग आहे." पुढचं स्थळ आलं आणि सरांनी पुन्हा डबी काढली.

स्थळं यायची बंद झाली तेव्हा बहीण आली. मुदखेडहून, सकाळच्या एसटीनं. मुलगा आता मुदखेडला रेल्वेत लागलेला, क्वार्टर मिळालेलं, निर्व्यसनी. माणूस म्हणून त्याच्यात काढायला जागा नाही. मी तेव्हा सरांकडं पेपर वाचत बसलो होतो. उठू लागलो तर बहीणच, म्हणजे मुलीच्या आत्या, म्हणाल्या, "बसा तुम्ही. चार माणसांसमोर बोलायचंय मला." आणि सरांकडं वळल्या. "दादा, दारात शब्द दिलता का न्हाई?"

"दिलता."

"मंग?"

"पोराचं रक्त बघू दे."

आत्यांनी मुलाला सोबतच आणलं होतं. तो गुपचूप बोट पुढं करून बसला. सरांनी थेंब घेतला आणि आतल्या खोलीत गेले. तिथं त्यांनी कॉलेजचा जुना सूक्ष्मदर्शक दुरुस्त करून ठेवलेला. तासभर आम्ही बाहेर बसून. आत्या पानाला चुना लावत होत्या. मुलगी दारापाशी उभी होती, मुलगा जमिनीकडं बघत होता. एकमेकांना लहानपणापासून ओळखत होती दोघं, आणि आवडत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

सर बाहेर आले. "त्याच्यात पण आहे," म्हणाले. "जमणार नाही."

आत्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "आपल्या आज्या-पणज्यांनी सुई टोचून लगनं लावली व्हती का? एक लेकरू गेलं तुझं, मी बी रडलेय त्याला. पण त्याच्यापायी ह्या पोरीची जिंदगी नासवायलास तू. कोण यायलंय तिला मागायला? मला तिचं रगत नको. मला ती पाह्यजे."

आता याच्यावर काय उत्तर आहे, तुम्हीच सांगा. सर पुन्हा चारात एक, चारात एक, एवढंच म्हणत राहिले. तेव्हा मुलगी बोलली. "चारात तीन चांगले, बाबा."

"तसं नसतं," सर म्हणाले. "पहिली तीन चांगली निघाली म्हणून चौथं ठरलेलं नसतं, आणि पहिलंच तसं निघालं म्हणून पुढची सुटत नाहीत. दर वेळेला नव्यानं चारात एक. पोटाला मागचं आठवत नसतं. तुला मीच शिकवलंय हे."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली. "मला माहीत असून मी हो म्हणतेय. दुसऱ्या कुणाच्या घरात मी जन्मभर दोषाची बाई म्हणून राहू का? आत्याच्या घरात मला कुणी तसं म्हणणार नाही."

सर हरले. आयुष्यभर खरं बोलून त्यांनी पोरीपुढची सगळी दारं लावली होती, आणि जे एक उघडं राहिलं होतं, तेच त्यांना लावायचं होतं. त्यांनी होकार दिला. आत्यांनी एकच अट घातली. पुन्हा आमच्या घरात सुई आणायची नाही. लेकरू झालं तर त्याला टोचायचं नाही. सर तेही हो म्हणाले. शब्दाचा माणूस, तिथंच घात.

लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला मुलगी लातूरला आली आणि तिला मुलगा झाला. गुटगुटीत, काळ्याभोर जावळाचा. वहिनींना किती दिवसांनी हसताना पाहिलं. आळीत पेढे वाटले. टँकरच्या रांगेत बायका घागरी ठेवून बाळ बघायला यायच्या. सर मात्र बाळाजवळ जायचे, बघायचे आणि परत येऊन माझ्या ओट्यावर बसायचे. मी म्हणालो, "अहो, आता तरी तोंड बरं करा. कसं ठणठणीत आहे पोरगं."

"आत्ता सगळीच ठणठणीत असतात," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मला त्यांचा राग आला होता. हे असलं माहीत असून माणूस जेवतो कसा, असं वाटलं. ते म्हणाले, पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्याचं कपाट वेगळं. त्यात चूक नसते, विळा नसतो. जन्मल्यावर काही महिन्यांत ते कपाट हळूहळू बंद होतं आणि मोठ्या माणसाचं उघडतं. चूक असते ती त्या दुसऱ्यात. तोवर काही कळत नाही. ती सुई टोचली असती तरी काही दिसलं नसतं.

"आणि ते पहिलं कपाट?" मी विचारलं. "ते नष्ट होतं?"

"नाही ना," सर म्हणाले. "तेच तर आहे. जळत नाही, हरवत नाही. एकेका पेशीत तसंच असतं, धड, बिनचूक. माणूस मरेपर्यंत असतं. ते नुसतं उघडं राहिलं तरी पोरगं वाचेल. माझ्या पोराच्या अंगातही होतं. तो तडफडत होता तेव्हाही त्याच्या अंगात ते होतं, रसायनवाले. बंद."

"मग ते बंद कोण करतं? उघडायचं कसं?"

"शोधायलेत लोक. सापडंल. आपल्या वेळेला नाही सापडणार."

ते महिने कसे गेले विचारू नका. मुलगी बाळाला घेऊन मुदखेडला परत गेली. सर कॉलेजात येत, नकलेचा तास घेत, घरी जात. एकदा विचारलं, "सर, कळतं कसं पहिल्यांदा?" म्हणाले, "हातापायांचे पंजे सुजतात. तिथली हाडं बारीक, नळ्या बारीक. सगळ्यात आधी तिथं अडकतं." मी म्हणालो, "नाही होणार तसं. चारात तीन." ते म्हणाले, "हो." त्यांनी मला शिकवायचंही सोडून दिलं होतं.

उन्हाळ्यात आम्हा दोघांना नांदेडला प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला पाठवलं. परीक्षा संपल्या तेव्हा मीच म्हणालो, "मुदखेड इथंच आहे, चला, नातू बघून येऊ." मला वाटलं, बघितलं की जीव तरी थाऱ्यावर येईल. सर नको म्हणाले, मग हो म्हणाले. गाडीत खिडकीला बसून सगळा वेळ बाहेर बघत होते. बाहेर बघायला काय होतं? काळी भेगाळलेली रानं.

भर दुपारी क्वार्टरवर पोचलो. जावई ड्यूटीवर होते. आत्या पोराला कडेवर घेऊनच दारात आल्या. आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. "आलास? बघ तुझा नातू. आख्ख्या लाइनीत असं लेकरू न्हाई. दुष्काळ पडलाय, लोकांची लेकरं वाळून काड्या झालीत, आन् हे बघ कसं बाळसं धरायलंय. हात बघ. पाय बघ." आणि पोराला सरांच्या ओंजळीत दिलं.

पोर किरकिरत होतं. "दोन दिस झाले असंच करायलंय," आत्या म्हणाल्या, "दात यायलेत."

मी पाहिलं. मला त्यातलं काय कळतंय, पण मला सांगितलेलं होतं ना. दंड बारीक, मनगट बारीक, आणि पुढं पंजा टरारून फुगलेला, कातडी तुकतुकीत. बोटं एकमेकांना लागत नव्हती. एका पायाचं तसंच. सरांनी त्या पायाखाली नुसता तळहात धरला, दाबला नाही, तरी पोर कळवळलं. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. वर्गात कुणाचं चुकीचं उत्तर यांनी कधी पुढं जाऊ दिलं नाही. आता इथंच, बहिणीच्या दारात, सगळं सांगणार.

"काय रे दादा, बोल की," आत्या म्हणाल्या. "काही निघालं का?"

"न्हाई," सर म्हणाले. "बाळसंच हाय. लई चांगलं धरलंय."

आत्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. म्हणजे त्यांच्याही मनात होतंच तर. त्या हसल्या, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बघा, खुद्द सुईवाले सर म्हणायलेत," आणि चहा टाकायला आत गेल्या.

तेव्हा मुलगी पुढं आली. इतका वेळ आतल्या दाराला टेकून ती फक्त बापाचं तोंड बघत होती. बाळाच्या अंगावरचं झबलं खाली ओढत, आवाज न चढवता, डॉक्टरला सांगावं तसं तिनं सांगितलं, "हात परवापासून आहे, बाबा. पाय आज सकाळपासून. दात येतायत म्हणून मीच सांगितलंय त्यांना."

सरांनी मान हलवली. दोघांपैकी कुणी रडलं नाही.

आत्या चहाच्या आधी मूठ बांधून परत आल्या. "इतकी माणसं बघायलेत लेकराला, दृष्ट लागली असंल. मांडीवर घे त्याला, दादा." मुठीत मीठ-मोहऱ्या होत्या. सर खाली बसले. त्यांनी पोराला मांडीवर घेतलं, सुजलेल्या हाताला धक्का लागणार नाही असं धरलं, आणि बहिणीचं ओवाळून होईपर्यंत हललेसुद्धा नाहीत.